धुळ्याच्या गल्ल्यांतला फोटो वॉक : वृत्तांत, वाद आणि एक ओला बिबडा

पांझरेकाठचा

नमस्कार मंडळी. मागे इथे 'आपल्या धुळ्यात बघण्यासारखं आहे तरी काय' या धाग्यावर पोतंभर प्रतिसाद आले होते आणि त्यातले निम्मे 'काही नाही, शेवभाजी खा आणि शिरपूरकडे निघा' असे होते. तेव्हा रागाच्या भरात मी लिहून टाकलं होतं की मार्चच्या पहिल्या रविवारी कॅमेरे घेऊन जुन्या गल्ल्या फिरू, मग बघू काय आहे नि काय नाही. तर फिरलो. येतो म्हणणारे बावीस, आलेले अकरा, त्यातले दोघं थेट चहाच्या टपरीवर उगवले. तीन डिजिटल कॅमेरे, बाकी सगळे मोबाईल, आणि आपल्या जुना रोल काकांचा फिल्मवाला कॅमेरा, जो बघायला पाचकंदील चौकात आमच्यापेक्षा जास्त गर्दी जमली.

साडेसहाला सुरुवात. एवढ्या लवकर का म्हणून दोघा-तिघांनी कुरकुर केली होती त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या गल्ल्या आग्रा रोडला समांतर, सरळ रेषेत मारलेल्या आहेत. कॅप्टन जॉन ब्रिग्जने १८१९ मध्ये खान्देशचं मुख्य ठाणं इथे करायचं ठरवलं आणि नवी पेठ आखून घेतली, म्हणून तर गल्ली नंबर एक, दोन, तीन असं आपण पत्ता सांगतो नि बाहेरगावच्याला वाटतं आपण जेलमध्ये राहतो. तर या सरळपणाचा फोटोवाल्याला फायदा असा की सकाळी ऊन गल्लीच्या पश्चिमेच्या रांगेवर वरून खाली उतरत येतं. आधी धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) काठावरची पन्हाळं उजळतात, मग वरच्या मजल्याचा लाकडी कठडा, मग खिडक्या, आणि ओट्यावर ऊन पोचेपर्यंत वरचं सगळं पांढरंफटक झालेलं असतं. म्हणजे एका घराला जेमतेम अर्धा तास. पूर्वेची रांग संध्याकाळी काढायची, सकाळी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं, आधी कळलं असतं तर रूट उलटा लावला असता.

एक घर मिळालं. गल्लीचा नंबर मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांनीच सांगितलंय. सागवानी खांब, खांबांवर पोपटांच्या घोड्या, म्हणजे तुळईला टेकू देणारे कोरीव लाकडी आधार (त्यातल्या एका पोपटाची चोच गेलेली), वर ओतीव लोखंडी जाळीचा कठडा, धाब्याचं छप्पर अजून शाबूत, म्हणजे दर पावसाळ्याआधी कोणीतरी खारी माती टाकतंय. ओसरीत मोटरसायकल उभी. आम्ही परवानगी मागितली, घरमालक म्हणाले काढा, बाहेरून काढा. बाहेरून काढले.

आणि आता बिबडा. आपला कॅमेराकुमार, नवी वाइड लेन्स असूनही, 'अख्खं घर बसत नाही, अख्खं घर बसत नाही' करत एक एक पाऊल मागे जात होता. मागे समोरच्या घरापुढे खाट, खाटेवर लुगडं, लुगड्यावर नुकतेच थापलेले ज्वारीचे ओले बिबडे, म्हणजे आपले खान्देशी पापड. आजी ओरडल्या, "अरे भाऊ, मांगे देख, मांगे!" तोवर गडी बसला होता. नुसता बसला नाही, दोन्ही हात टेकून बसला. सात बिबडे गेले, त्यातला एक पँटला चिकटून पुढच्या दोन गल्ल्या आमच्याबरोबर आला. आम्हाला वाटलं आता खैर नाही. आजी त्याच्याकडे बघत राहिल्या नि म्हणाल्या, "आते बठनाच शे त घाटा खाईसन जा." आणि खरंच पितळीत गरम घाटा, म्हणजे बिबड्यांचंच शिजवलेलं पीठ, वर कच्चं तेल. नऊ जणांनी खाल्ला. त्या फोटो वॉकमधला माझा सगळ्यात चांगला फोटो त्या पितळीचा आहे आणि तो हललेला आहे.

पुढे राजवाडे संशोधन मंडळ, समर्थ वाग्देवता मंदिर, मग पांझरेवर उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं, नदीचे फोटो कोणाचेच धड नाहीत. वाटेत एका सरकारी दगडी इमारतीपाशी पहारेकऱ्याने हटकलं, बाहेरच्या रस्त्यावरून फोटो काढायलाही मनाई का हे त्याला माहीत नव्हतं, त्याच्या साहेबालाही माहीत नव्हतं, साहेबांचे साहेब रविवारी नसतात. असो.

माझे बारा फोटो खाली टाकतोय. बाकीच्यांनीही टाका.

कॅमेराकुमार

बिबड्याचं सांगितलं ते सांगितलं, पण लेन्सला काही झालं नाही हे पण लिहायचं होतं ना भो. घरी दहा जणांचे फोन आले.

आणि आजींना मी दुसऱ्या दिवशी जाऊन दोन किलो ज्वारी देऊन आलो. घेत नव्हत्या. मग घेतली आणि परत घाटा खायला बसवलं.

केळीचं पान

भलतंच भारी लिखेल शे भाऊ. पुढला खेपले माले बी सांगजा. रावेरहून पहाटेची एसटी पकडून येईन.

बखरवाचक

फोटो छान. एक दुरुस्ती, म्हणजे भांडण म्हणून नाही. 'ब्रिग्जने धुळं वसवलं' असं सरसकट म्हणू नये, आणि तुम्ही तसं म्हटलं नाहीये हेही मान्य, पण प्रतिसादात कोणीतरी म्हणणारच म्हणून आधीच लिहितो. नदीलगतचं जुनं धुळं त्याच्या आधीचं आहे. १८०३ च्या दुष्काळात ते पार उठलं, गावात माणूस राहिलं नाही. पुढच्या वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी लळिंग-सोनगीर परगण्यातलं हे गाव पुन्हा वसवलं, गढी दुरुस्त केली. १८१८ ला इंग्रज आले तेव्हा जे होतं ते हे. ब्रिग्जने त्याच्या शेजारी नवी पेठ आखली, व्यापाऱ्यांना यायला सवलती दिल्या. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं मधलं ठिकाण म्हणून ही जागा त्याला सोयीची वाटली. (पुढे फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच.)

तुमच्या रूटमध्ये जुनं धुळं नाहीच. सरळ गल्ल्या झाल्या की वाकड्या गल्ल्याही करा. जुन्या धुळ्यातून निघून आखीव पेठेत शिरताना पायाला फरक कळतो, तो फोटोत येतो का बघा. मला वाटतं यावा.

मधुरा ज

मी पण होते. राजवाडे मंडळाबद्दल दोन ओळींत उरकलंस दादा, मला तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालवायचा होता. इतिहासकार वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले आणि लगेच जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या नावाने हे मंडळ निघालं. शोकसभेचा ठराव करून घरी जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. माणूस 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड करून गेला, आणि ती दप्तरं मिळवायला गावोगाव कोणाकोणाच्या माळ्यावर चढला असेल. आपण तर परवानगी घेऊन ओसरीपर्यंत पण गेलो नाही.

वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं आहेत, समर्थांच्या हातची वाल्मीकि रामायणाची प्रत आहे. तिथे मी कॅमेरा बाहेर काढलाच नाही. फ्लॅशची भीती, दुसरं म्हणजे काचेचं प्रतिबिंब. नुसतं बघितलं. अक्षर इतकं एकसारखं की आपण लाजावं.

पुणेरी पण खान्देशी

फोटो बघितले. स्पष्ट लिहू का? सगळ्यांनी तोच दरवाजा, तोच पोपट, तोच कठडा. अकरा जणांचे मिळून दीडशे फोटो असतील तर त्यात वीस वेगळे निघतील. पुण्यातही दर रविवारी हेच चालतं, कोणीतरी एक कडी-कोयंडा शोधतो नि मागे रांग लागते.

पण पांझरेकाठचा यांचा सातवा फोटो (ओसरीचा) वेगळाच स्वच्छ आलाय. धुळ्यातल्या गल्लीत एक वायर नाही, एक केबल नाही, हे कसं काय?

पांझरेकाठचा

फोनमधल्या इरेझरने पुसल्या. काय करणार, चार केबलवाले, दोन इंटरनेटवाले, शिवाय विजेच्या तारा, घर दिसत नव्हतं. नुसतं बोट फिरवलं की गायब.

पुणेरी पण खान्देशी

म्हणजे तो फोटो नाही, चित्र आहे. वायरी आज तिथे आहेत. शंभर वर्षांनी कोणी हा फोटो बघितला तर म्हणेल २०२० नंतर धुळ्यात वीज नव्हती.

पांझरेकाठचा

शंभर वर्षांनी माझा फोन उघडणार कोण? आणि तुम्ही पूर्वी डोळे लाल आले की काढून टाकायचात ना, वाढदिवसाच्या फोटोत? ते चालतं?

केळीचं पान

भांडू नका रे. चहा घ्या.

जुना रोल

वायरींवर भांडायच्या आधी सरळ रेषांचं बघा. निम्म्या फोटोंत घरं मागे कलंडली आहेत, जणू कोणी ढकलतंय. फोन वर उचलून घराचा माथा धरायला गेलात की खांब वर जाऊन एकमेकांकडे झुकतात. फोन उभा, भिंतीला समांतर धरायचा. माथा कापला जातो? मग मागे सरका (मागे बघून). मागे जागा नसेल तर समोरच्याला विचारून त्याच्या गच्चीवर जा, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून घर सरळ येतं आणि निम्म्या वायरी आपोआप खाली जातात. तेही नसेल तर अख्खं घर घ्यायचा हट्ट सोडा. मी त्या घराचा एकच फोटो काढला, फक्त ओसरी, खाली मोटरसायकलसकट. अंधार होता, खांबाला टेकून एक पंधरांश सेकंदाला ओढला, हलला नसेल अशी आशा.

३६ चा रोल आहे, त्या सकाळी १४ झाले. रोल भरल्याशिवाय मी धूत नाही. त्यामुळे माझे फोटो मागू नका.

चाळीसगावकर

हा धागा वाचून हात शिवशिवतायत. पुढचा वॉक चाळीसगावला करा राव. फोटोवाल्यांनी धुळ्याहून गाडीत बसून (१९०० सालची लाईन आहे आपली, तीसुद्धा एक वारसाच) चाळीसगाव स्टेशनला उतरावं आणि चालत केकी मूस यांच्या बंगल्यात जावं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केकी मूस, १९१२ चा जन्म, पारशी कुटुंब, विलायतेत फोटोग्राफी शिकून आले आणि मग स्टेशनजवळच्या दगडी बंगल्यात जे बसले ते जवळपास पन्नास वर्षं बाहेरच पडले नाहीत म्हणा ना. १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेले. (मधुराताई, तारीख बघा, राजवाड्यांचीच.) घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून, उजेड हवा तसा पाडून, असा देखावा उभा करायचे की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस जगभर हिंडतोय. जगभरातली बक्षिसं घरी यायची.

पंजाब मेलने कोणीतरी यायचं होतं, ती गाडी जाईपर्यंत दार उघडं ठेवायचे असं गावात सांगतात. खरं किती खोटं किती सोडा, पण आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलंय म्हणून मी ते सोडत नाही.

सांगायचं हे की आपण अकरा जण अख्खी गल्ली फिरून एक पोपट घेऊन आलो आणि तो माणूस टेबल सोडून उठला नाही.

पुणेरी पण खान्देशी

पण मूस टेबलावर मांडायचे ते पण चित्रच की मग. माझाच मुद्दा माझ्यावर उलटला. जाऊ द्या, चाळीसगावला मी येणार. जोडून पाटणादेवी करता येईल, भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख तिथलाच.

पारोळ्याचा भरीतवाला

पारोळा कोणीच घेत नाही. १७२७ चा भुईकोट, खंदक, झाशीच्या नेवाळकरांची जहागीर, आणि बाजाराच्या इतका पोटात की भाजी घेता घेता किल्ला बघून होतो. या. वांगी आमच्याकडे.

माहेर धुळं

पहिल्यांदाच लिहितेय इथे, नुसती वाचत असते. सुरतला असते. सातवा फोटो बघून कालपासून झोप नाही. ओट्याच्या तीन पायऱ्या, तिसरी अर्धीच, आणि डावीकडच्या पोपटाला चोच नाही. ते माझ्या मामाचं घर आहे. ती चोच माझ्या मोठ्या मावसभावाने विटीने उडवलेली.

फोटोबद्दल खूप आभार. एकच विचारायचं होतं. ओसरीच्या मधल्या तुळईला झोक्याच्या दोन लोखंडी कड्या होत्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आई आणि मावश्या माहेरी यायच्या तेव्हा तिथे झोका बांधायचे, उन्हाळाभर तो तसाच असायचा, आम्ही पोरं त्याच्यावरून भांडायचो. फोटोत तुळई दिसतेय पण कड्या नाहीत. काढल्या का हो? घर विकलंय, आखाजीच्या आधी रिकामं करून द्यायचंय एवढं कानावर आलंय. मी मामांना विचारू शकत नाही. वाटणीवरून आईचं आणि त्यांचं दोन वर्षं बोलणं नाही. जास्त इथे लिहीत नाही.

पांझरेकाठचा

ताई, मला तर कड्या दिसल्याचं आठवत नाही. नसतील. मोटरसायकल लावायला अडचण होत असेल म्हणून काढल्या असतील. वाईट वाटलं वाचून.

मधुरा ज

एक मिनिट. मी तो फोटो मोठा करून बघितला. तुळईवर कमळाची नक्षी आहे ना, ओळीने. मधोमध एक कमळ दोनदा आलंय, अगदी तसंच्या तसं, एका पाकळीला जी चीर आहे ती पण दोनदा. आणि कठड्याचा एक गज वरून निघतो नि अर्ध्यात संपतो. दादा, तू तिथे पण बोट फिरवलंस का?

पांझरेकाठचा

बल्बची वायर लोंबत होती तुळईवरून. ती पुसली. हो.

मधुरा ज

आणि मूळ फोटो?

पांझरेकाठचा

त्याच्यावरच सेव्ह केला.

बाकीच्या सहा-सात फोटोंत ओसरी अंधारात आहे, मी बाहेरच्या उन्हावर एक्स्पोजर लावलं होतं. उजळून बघितलं, नुसते दाणे दाणे येतात. माहेर धुळं ताई, चुकलो. मी आजच जाऊन बघून येतो.

पांझरेकाठचा

(त्याच संध्याकाळी) गेलो होतो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या आजींनी, बिबड्याच्याच, सांगितलं की सामान हलवायला सुरुवात झालीय, मालक दोन दिवसांनी येतील. ओसरीला आता बाहेरून ताडपत्री लावलीय, आत दिसत नाही.

कॅमेराकुमार

माझा वाइडचा आहे, पण त्यात मी बसता बसता बटण दाबलं गेलंय. अर्धं घर, अर्धं आभाळ. तुळई कापली गेलीय.

पुणेरी पण खान्देशी

काही बोलत नाही.

जुना रोल

माझ्या रोलवर ती ओसरी आहे, फ्रेम नंबर ९ असावी. अंधारात ओढलीय, आली असेल तर कड्या असतील, नसल्या तर नसतील, फिल्मवर मी काही पुसलेलं नाही. पण रोलमध्ये २२ शिल्लक आहेत.

ताई, त्या घरात आणखी काय काय आहे ते लिहून ठेवा. काय काढायचं ते सांगा. मी परवा जातो.

माहेर धुळं

काका, तुम्ही कशाला त्रास घेता. पण विचारलंत म्हणून लिहिते. स्वयंपाकघरात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ आहे, त्याची एक कड आजीच्या पाटल्यांनी घासून गुळगुळीत झालीय असं आजीच म्हणायची. मधल्या घराच्या धाब्यात उजेडाचं भोक आहे, पाऊस आला की कोणीतरी वर पळायचं आणि त्याच्यावर तेलाचा डबा उपडा घालायचा, तो डबा अजून वर असेल. धाब्यावर जायच्या जिन्याला वर फळीचं झाकण आहे ते डोक्याने उचलायचं, हातात वाळवण असायचं म्हणून. देवघराचा कोनाडा. बास. पोपटाचा नका काढू, त्याचे सगळ्यांनी काढलेत.

आणि कड्या.

चाळीसगावकर

धाग्याला नुसता वर काढतोय.

बखरवाचक

काका, जमल्यास उखळाशेजारी एखादी काडेपेटी ठेवून एक जास्तीचा फोटो घ्या, माप कळतं. आणि त्या धाब्याच्या भोकातून पडणारा उजेड किती वाजता कुठे पडतो तेही लिहा. माझ्याच कामासाठी म्हणतोय, पण ताईंनाही चालेल बहुधा.

केळीचं पान

आमच्या रावेरच्या जुन्या घरी पण असंच भोक होतं, त्यावर आम्ही फुटका पाटा ठेवायचो. पाडलं घर. फोटो एक नाही. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या मागे थोडी भिंत दिसते तेवढीच.

जुना रोल

उशीर झाला लिहायला, धुवायचं रसायन संपलं होतं.

मंगळवारी गेलो. घरमालक होते. आधी मला ओळखलं नाही, मग कॅमेरा बघून ओळखलं. म्हणाले, आता काय काढायचं राहिलं? मी म्हटलं आतलं काढायचंय, उखळ, जिना, धाबं. कशासाठी विचारलं नाही, कोणासाठी विचारलं. मी खोटं बोलणार होतो, पण मला जमत नाही, सांगून टाकलं की सुरतेहून निरोप आहे. ते काही बोलले नाहीत. आत गेले, मला वाटलं आता दार लावतात. परत आले ते किल्ली घेऊन, ओसरीतली मोटरसायकल स्वतः बाहेर काढली, म्हणाले ही फोटोत नको. ताडपत्रीही सोडली.

उखळ काढलं, काडेपेटीसकट एक आणि काडेपेटीशिवाय एक. कड घासलेली आहे, बोट फिरवून बघितलं, आरशासारखी. धाब्यातल्या भोकातून साडेअकराला उजेड स्वयंपाकघराच्या दाराशी पडतो, बाराला चौकट ओलांडून आत येतो, तिथवर थांबलो. डबा वर आहे. तळ गंजून गेलाय, त्यामुळे आता तो उपडा घातला तरी उपयोग नाही. जिन्याच्या झाकणाला डोकं लावायची जागा काळी पडलीय, त्याचा जवळून एक घेतला. कोनाडा रिकामा होता, देव आधीच हलवलेत, फक्त काजळी. तुळईचे चार घेतले, एक खालून, एक समोरून, दोन जवळून.

रोल भरला. तेवीस फोटो स्कॅन करून टाकतोय, पहिला तो जुना नंबर ९. थोडा हललाय.

पांझरेकाठचा

काका.

कड्या आहेत. दोन्ही. बल्बची वायर त्यातल्याच एकीतून ओवलेली आहे, म्हणून माझ्याकडून गेली.

माझा सातवा फोटो धाग्यातून काढून टाकलाय, त्याच्या जागी काकांचा नंबर ९ लावलाय, वायरींसकट.

पुणेरी पण खान्देशी

हलला तरी चालेल.

मधुरा ज

जिन्याच्या झाकणाचा फोटो कितीतरी वेळ कळला नाही काय आहे ते. मग ताईंचा प्रतिसाद परत वाचला.

माहेर धुळं

आईला दाखवले सगळे. टीव्हीवर मोठे करून. उखळाच्या फोटोवर काही बोलली नाही, काडेपेटी का ठेवलीय एवढंच विचारलं. मग कड्यांचा फोटो आला तेव्हा उठून टीव्हीजवळ गेली नि म्हणाली, उजवी जुनी आहे, डावी बघ जाड आहे, ती नंतरची. आधीची तुटली तेव्हा झोक्यात मी होते, तीन वर्षांची, आणि मला धरायला तुझे मामा पळाले ते ओट्याच्या अर्ध्या पायरीवरून पडले. त्यांच्या हनुवटीवर खूण आहे त्याची.

काका, तुम्हाला दिसली का ती?

जुना रोल

आता दाढी आहे त्यांना.